उंचावरची हवा आणि अंगातली राखण

उदगीरकडचे एक निवृत्त सुभेदार लातूरच्या बाहेर एका माळावर सैन्यभरतीची पोरं घडवतात. पहाटे पाचला सोळाशे मीटरची धाव, मग दंडबैठका, मग लांब उडी. त्यांच्या नोकरीचा मोठा काळ लडाख आणि सियाचीनच्या बाजूला गेला. त्यांची भाची नांदेडला डॉक्टर आहे, शरीरक्रियाशास्त्र शिकवते. यंदा सुभेदारांच्या मनात आलं आहे की निवडक मुलामुलींना उन्हाळ्यात महिनाभर लेहला न्यायचं आणि तिथं पळवायचं. कशासाठी, असं विचारलं तर ते दमसासाचं नाव नंतर घेतात. आधी म्हणतात, पोरांची प्रतिकारशक्ती वाढेल. भाचीला हे अजिबात पटलेलं नाही. दोघांचं बोलणं मी ऐकलं. डोंगरावरची हवा अंगाला मानवते, हा समज मराठवाड्यातल्या घराघरांत आहे, आणि चारधाम किंवा हेमकुंडाला जाणाऱ्यांच्या जिवाशी त्याचा संबंध येतो. म्हणून ते बोलणं इथं मांडतो.

मामा : अगं, मी पुस्तकातलं सांगत नाही. वर चौकीवर असताना आमच्यात कुणाला हिवताप नाही, डेंग्यू नाही, टायफॉइड नाही. तीच माणसं सुट्टीवर गावी आली की आठ दिवसांत अंथरुणाला. हे मी डोळ्यांनी बघितलंय. आणि फौजेच्या डॉक्टरांनीही ते मोजून ठेवलंय, तूच मागं सांगितलं होतंस.

भाची : सांगितलं होतं, आणि ते काम मोलाचं आहे. डॉ. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते १९७७ साली प्रसिद्ध केलं. १९६५ ते १९७२ या काळात ३,६९२ ते ५,५३८ मीटर उंचीवर असलेले वीस हजार जवान एका बाजूला आणि मैदानी भागातले १,३०,७०० जवान दुसऱ्या बाजूला. मधुमेह, रक्तदाब, दमा, बरेचसे संसर्ग, सगळ्यांचं प्रमाण वर कमी निघालं.

मामा : मग भांडायलीस कशाला?

भाची : प्रमाण कमी निघालं यावर माझं भांडण नाही. ते कमी का निघालं, याचं उत्तर तुम्ही घाईनं देताय. वर डास नाहीत. वस्ती विरळ. बर्फ वितळवून, उकळून प्यायचं पाणी. शिवाय वर कोण जातं? डॉक्टरांनी तपासून धडधाकट ठरवलेला माणूस. ज्याचं बिनसलं त्याला खाली पाठवतात. मामा, गावात चोऱ्या कमी झाल्या म्हणून राखणदार तगडा झाला असं कुणी म्हणेल का? चोरच फिरकले नसतील. आणि तोच जवान सुट्टीवर आल्याबरोबर आजारी पडतो, हे तर तुम्हीच सांगितलंत. राखण खरंच मजबूत झाली असती तर ती आठ दिवसांत कशी ढासळली?

इथं सुभेदार थोडा वेळ गप्प राहिले. पण ते हार मानणाऱ्यांतले नाहीत, आणि त्यांच्या पुढच्या प्रश्नात दम होता.

मामा : बरं, चोर नाहीत म्हण. पण राखणदार ढिला झाला असं तरी कशावरून? वर थंडी, वर ऊन, वर जेवण धड नाही. माणूस आजारी पडला तर तो थंडीनं पडला का विरळ हवेनं, हे तू कसं वेगळं करणार?

भाची : तेच वेगळं करण्यासाठी अमेरिकेत १९८५ साली एक प्रयोग झाला. ऑपरेशन एव्हरेस्ट टू. डॉ. चार्ल्स ह्यूस्टन आणि त्यांच्या साथीदारांनी मोजक्या निरोगी तरुणांना हवेच्या दाबाच्या एका बंद कोठीत चाळीस दिवस ठेवलं आणि दाब हळूहळू उतरवत एव्हरेस्टच्या माथ्यापर्यंत नेला. खायला हवं ते, अंथरूण उबदार, बर्फ नाही, वारा नाही. फक्त हवा विरळ होत गेली. त्यांच्या रक्तातल्या टी पेशींना प्रयोगशाळेत डिवचलं तेव्हा त्या पूर्वीसारख्या वाढेनात, त्यांचा प्रतिसाद मंदावलेला दिसला. बी पेशींचं, म्हणजे प्रतिपिंडांच्या बाजूचं काम मात्र जवळजवळ तसंच राहिलं. नैसर्गिक मारक पेशींचंही.

मामा : म्हणजे निम्मी फौज झोपली?

भाची : झोपली नाही, सुस्तावली. तीही एकच तुकडी. पण ती तुकडी विषाणू शिरलेल्या पेशी शोधून मारणारी आहे. तुमच्या जवानांच्या ओठांवर वर गेल्यावर पाण्याचे बारीक फोड यायचे ना?

मामा : लई यायचे. चार-चार फोडांचा झुबका, आधी चुरचुर, मग पाणी, मग पिवळी खपली. चहाचा कप ओठाला लावता यायचा नाही. आम्ही म्हणायचो, थंडीनं फुटले.

भाची : थंडीनं फुटलेल्या ओठाला चीर पडते, असा झुबका येत नाही. तो हर्पीसचा विषाणू. बहुतेकांना लहानपणीच लागलेला असतो आणि चेहऱ्याच्या मज्जातंतूंत दडून राहतो. टी पेशी त्याला दाबून ठेवतात. वर अतिनील किरणं जास्त, दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. ती त्वचेतली राखण दुबळी करतात, त्यात थकवा आणि अपुरी झोप. विषाणू डोकं वर काढतो. रक्त न काढता, आरशात दिसणारी खूण आहे ती.

मला स्वतःला ही ओठावरची खूण कुठल्याही आकड्यापेक्षा बोलकी वाटली. प्रतिकारशक्ती हा शब्द आपण टाकीतल्या पाण्यासारखा वापरतो, वाढली किंवा घटली. पण ही एकच टाकी नाही. उंचीवर काही पेशी रक्तात वाढतात, काही घटतात, काहींचं वागणं बदलतं. विरळ हवेची चाहूल पेशींना कशी लागते, हे उलगडल्याबद्दल २०१९ चं वैद्यकाचं नोबेल विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना मिळालं. ऑक्सिजन कमी पडला की एचआयएफ नावाचं प्रथिन पेशीत टिकून राहतं आणि शेकडो जनुकांची कामं बदलून टाकतं. जखमेच्या जागी, जिथं ऑक्सिजन असाही कमीच असतो, न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी याच प्रथिनामुळे जास्त वेळ तग धरतात. हे सांगितल्यावर सुभेदारांचे डोळे चमकले.

मामा : बघ. म्हणजे डोंगर काही तरी देतो.

भाची : देतो, आणि घेतोही. जास्त वेळ जगणारी न्यूट्रोफिल जंतूला मारते तशी स्वतःच्या ऊतीलाही भाजते. उंचीवर नव्यानं गेलेल्यांच्या रक्तात दाह दाखवणारी द्रव्यं वाढलेली सापडतात, ती उगाच नाही. पण मामा, हे सगळं नुसतं बसून राहिलेल्या माणसाचं झालं. तुम्ही तर पळवणार आहात.

मामा : पळायचंच तर आहे. इथं जे पळतात तेच तिथं पळतील.

भाची : इथंच तर खरी अडचण आहे. तेच पळणं तिथं तेच राहत नाही. हवेत ऑक्सिजनचा वाटा लेहलाही एकवीस टक्केच असतो, पण हवेचा दाबच समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास येतो. बोटाला लावायचं यंत्र लातूरला अठ्ठ्याण्णव दाखवतं, ते पहिल्या दिवशी नव्वदच्या आसपास किंवा त्याखाली येतं. दीड हजार मीटरच्या वर दर शंभर मीटरला माणसाची कमाल क्षमता साधारण एक टक्क्यानं घटते. म्हणजे साडेतीन हजार मीटरवर पाचवा हिस्सा गेला. जो वेग माळावर मुलाला सोसवतो, तोच लेहला त्याचं कंबरडं मोडतो. ॲड्रेनलिन चढतं, कॉर्टिसॉल चढतं, आणि हे दोन्ही पांढऱ्या पेशींना इकडून तिकडे हाकतात. जड व्यायाम संपला की रक्तातल्या लिम्फोसाइट, म्हणजे टी-बी जातीच्या पांढऱ्या पेशी, तास-दोन तास नेहमीपेक्षा खाली जातात.

मामा : हे ऐकलंय मी. मॅरेथॉन पळाल्यावर माणूस आजारी पडतो म्हणतात.

भाची : डेव्हिड नीमन यांनी १९८७ च्या लॉस एंजेलिस मॅरेथॉननंतर पाहणी केली. पळालेल्यांपैकी सुमारे तेरा टक्क्यांना पुढच्या आठवड्यात सर्दी-खोकला झाला. तयारी करूनही जे पळाले नाहीत त्यांच्यात हे प्रमाण जेमतेम दोन टक्के. त्यावरून असं मांडलं गेलं की अतिश्रमानंतर काही तास अंगाचं दार उघडं राहतं.

मामा : मग माझ्या पोरांना मी काय रोज मारायलोय?

भाची : नाही. कारण त्यालाही मोठा आक्षेप आहे. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठाच्या कॅम्पबेल आणि टर्नर यांनी २०१८ साली सगळे पुरावे पुन्हा तपासले. त्यांचं म्हणणं, पेशी रक्तातून कमी होतात कारण त्या फुप्फुसांत, आतड्यांत, जिथं जंतू भेटण्याचा संभव आहे तिथं गस्तीला जातात. नाहीशा होत नाहीत. आणि मॅरेथॉनवाल्यांनी सांगितलेली सर्दी दर वेळी खरा संसर्ग होती, हे तपासलं गेलं नव्हतं.

मामा : म्हणजे तुमच्यातच एकमत नाही.

भाची : दार उघडं राहतं का, यावर नाही. पण आजारी पडायला काय कारण होतं याविषयी दोन्ही बाजूंचं बरंचसं जुळतं. गर्दी, लांबचा प्रवास, मोडलेली झोप, कमी पडलेलं जेवण, मनावरचा ताण. आता तुमची लेहची सहल बघा. लातूरहून रेल्वेचे दोन दिवस, मग बस, एका खोलीत आठ जण. पहिल्या रात्री श्वास मध्येच थांबून पुन्हा सुरू होतो, त्यामुळे दचकून जाग. भूक मरते. हवा कोरडी, आणि पळताना मुलगा तोंडानं श्वास घेणार, म्हणजे नाकानं ओलावा द्यायचं काम बंद. श्वासनलिकेतला चिकटा सुकतो, तो बाहेर लोटणारी झाडणी मंदावते. एव्हरेस्टच्या वाटेवर चालणाऱ्यांची पाहणी झाली आहे, त्यांच्यात सर्दी, खोकला, घसा, जुलाब यांपैकी काहीच झालं नाही असे थोडेच निघतात.

सुभेदारांनी मग आपलं ठेवणीतलं नाव काढलं. मराठवाड्यातल्या कुठल्याही मैदानावर हे नाव घेतलं की पोरं ताठ उभी राहतात.

मामा : अविनाश साबळे. बीड जिल्ह्यातला, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. महार रेजिमेंटमधून सियाचीनला होता. त्याच डोंगरानं त्याला घडवलं. २०२२ ला बर्मिंगहॅममध्ये रौप्य, २०२३ ला हांगझोऊमध्ये एशियाडचं सुवर्ण. आता सांग.

भाची : साबळेंबद्दल मला तुमच्याइतकाच अभिमान आहे. म्हणून नीट बघू. सियाचीनला ते पहाऱ्यावर होते, पळायला नव्हते. अडथळ्यांची स्टीपलचेस शर्यत त्यांच्या आयुष्यात नंतर आली. आणि सरावासाठी ते उंचीवर गेले ते उटीला, कोलोरॅडो स्प्रिंग्जला. अठराशे ते सव्वादोन हजार मीटर. लेहच्या साडेतीन हजारांवर नाही. दुसरं म्हणजे, तिथं आठवडेच्या आठवडे राहून वाढतात त्या तांबड्या पेशी, हिमोग्लोबिन. त्यानं दम वाढतो. तुम्ही तांबड्या पेशींचा नफा पांढऱ्या पेशींच्या खात्यात लिहिताय.

सगळ्या वादाची गाठ इथंच आहे असं मला वाटतं. डोंगरावर रक्त सुधारतं, हे खरं. पण रक्त सुधारलं म्हणजे त्यातलं सगळंच सुधारलं, असं आपण न विचारता धरून चालतो. डोंगरावरची हवा देतात म्हणून बाजारात मिळणारे नाकातोंडावर आवळायचे मास्क याच समजावर विकले जातात. ते घालून लातूरच्या रस्त्यांवर पोरं पळताना दिसतात. मास्क श्वास अडवतो, हवेचा दाब बदलत नाही. त्यात डोंगर नाही.

मामा : मग आपले पूर्वज खुळे होते? क्षयाच्या रोग्याला पाचगणीला का धाडायचे?

भाची : खुळे नव्हते, त्यांच्याकडे औषध नव्हतं. डॉ. रुस्तमजी बिलिमोरियांनी १९१२ साली पाचगणीला बेल-एअर आरोग्यधाम काढलं, तेव्हा विश्रांती, दूध-अंडी आणि मोकळी हवा एवढंच हातात होतं. त्यातलं नेमकं कशानं माणूस सुधारतो हे कुणी वेगळं करून पाहिलं नव्हतं. ते पाहिलं मद्रासनं. तिथल्या क्षयरोग केंद्रानं पन्नासच्या दशकात गरीब रोग्यांच्या दोन तुकड्या केल्या. एक आरोग्यधामात, चांगलं जेवण आणि आराम. दुसरी आपापल्या कोंदट झोपडीत, जमेल ते खाऊन. औषधं दोघींना तीच. १९५९ साली निष्कर्ष आला की घरी राहिलेले जवळजवळ तितकेच बरे झाले. त्यानंतर जगभर आरोग्यधामं बंद पडत गेली.

मामा : (बऱ्याच वेळानं) हे मला माहीत नव्हतं.

भाची : आणि मामा, तुम्ही स्वतः वर चढताना काय करायचात ते सांगा. फौजेचा नियम काय?

मामा : पहिला टप्पा नऊ ते बारा हजार फूट, सहा दिवस. त्यातले पहिले दोन दिवस काही नाही. पडून राहायचं, पाणी प्यायचं, लघवीला जायचं. पुढचे दोन दिवस सपाटीवर सावकाश चाल. मग थोडा चढ. त्यानंतर बारा ते पंधरा हजार, चार दिवस. त्याच्या वर आणखी चार. नवा पोरगा ताकद दाखवायला पळाला तर आम्ही त्याला झापायचो. बासष्टच्या लढाईत माणसं घाईनं वर चढवली आणि गोळी न लागता गेली, ते ऐकूनच आम्ही वाढलो.

भाची : हेच मी मघापासून सांगते आहे.

मामा : पण सहा दिवसांनंतर आम्ही पळायचोच की! ओझं घेऊन पळायचो. तू मला पहिल्या आठवड्याची भीती घालून सगळा महिनाच रद्द करायलीस.

सुभेदारांचं हे म्हणणं मला रास्त वाटतं. शरीर जुळवून घेतं, आणि घाई केली नाही तर उंचीवरचा मध्यम व्यायाम निरोगी माणसाला अपाय करतो असा पुरावा नाही. भाचीनंही ते मान्य केलं. तिची खरी काळजी वेगळीकडे होती. मामी यंदा शेजारणींबरोबर हेमकुंडाला निघाल्या आहेत आणि त्यांना मधुमेह आहे.

नांदेडकरांना हेमकुंडाची ओढ निराळी. ज्या गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली इथं गोदाकाठी देह ठेवला, त्यांच्या पूर्वजन्मीच्या तपाची ती जागा मानतात. सचखंड एक्स्प्रेसनं उत्तरेत उतरायचं आणि पुढं डोंगर. गोविंदघाट अठराशे मीटरच्या आसपास, घांघरिया तीन हजार, आणि हेमकुंड चार हजारांच्या बरंच वर. दोन-तीन दिवसांत अडीच हजार मीटर चढायचे, शेवटचा खडा चढ सहा किलोमीटरचा, आणि वर बर्फाळ सरोवरात स्नान. मुक्काम मात्र वर करता येत नाही, रात्रीला घांघरियाला उतरावंच लागतं. ही रीत यात्रेकरूंच्या भल्याची आहे.

भाची : मामींना मी जाऊ नको म्हटलेलं नाही. घांघरियाला एक दिवस जास्त थांबा, आणि अंगात कणकण किंवा छातीत कफ असेल तर वर चढू नका, एवढंच सांगितलंय. पण त्या मला म्हणतात, डोंगराच्या हवेनं सर्दी आपोआप जाते. हे तुमच्याकडूनच ऐकलंय त्यांनी.

मामा : एवढ्या सर्दीनं काय होतंय?

भाची : श्वसनाचा संसर्ग असताना वर गेलं की फुप्फुसात पाणी होण्याचा धोका वाढतो, मुलांमध्ये तर हे चांगलं दिसून आलंय. आणि झालं की ते ओळखू येत नाही. धाप, खोकला, थोडा ताप. पूर्वी डॉक्टरही त्याला न्यूमोनियाच समजत. १९६० साली याच ह्यूस्टननी लिहून दाखवलं की हा न्यूमोनिया नव्हे, हृदयही ठीक आहे, उंचीमुळे फुप्फुसात पाणी झिरपलंय. गोळ्या देऊन वरच ठेवलं तर माणूस जातो. ऑक्सिजन द्यायचा आणि लगेच खाली आणायचं. मामी वर धापा टाकायला लागल्या आणि शेजारणी म्हणाल्या, सर्दी आहे, हवेनं जाईल, तर?

सुभेदारांनी यावर वाद घातला नाही. घरी फोन लावला आणि मामींना दोन वाक्यांत बजावलं. मग पुन्हा पोरांकडे वळले.

मामा : बरं, लेह नको. उटी?

भाची : उटी चालेल, सव्वादोन हजार मीटर सोसवेल. पण आधी सगळ्यांचं हिमोग्लोबिन बघा, मुलींचं विशेष. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक बायका रक्तक्षयाच्या आहेत. लोह नसेल तर उंचीवर तांबड्या पेशी बनणार कशातून? टी पेशींनाही वाढायला लोह लागतंच. तुमची ती आठशे मीटरवाली मुलगी, नखं पांढरी पडलेली आहेत तिची. तिला नेण्याआधी दोन-तीन महिने गोळ्या द्याव्या लागतील. आणि निव्वळ आजारी पडू नये एवढंच हवं असेल तर लातूर सोडायची गरज नाही. आठ तास झोप, भाकरीबरोबर डाळ-शेंगदाणे-अंडी, सरावाच्या दिवसांत विश्रांतीचा एक दिवस.

मामा : आठ तास झोप! कुठून आणू? पहाटे साडेचारला उठतात, पळून झालं की कुणी दुकानात उभा राहतो, कुणी गाडीवर माल पोचवतो, संध्याकाळी अभ्यासिका अकरापर्यंत. घरात दोन खोल्या, सहा माणसं, टीव्ही चालू. ती मुलगी सगळ्यांचं जेवण झाल्यावर उरलेलं खाते. त्यांना महिनाभर इथून उचलून नेलं तरच ती पोटभर जेवतील आणि गाढ झोपतील. माझ्या मनात तेच आहे.

भाची : मग पालकांना तेच सांगा.

मामा : सांगितलं होतं. झोपेसाठी कोण पैसे देतंय? हिमालय म्हटलं की देतात.

भाची : तरीही हवेच्या नावावर घेऊ नका, मामा. तिथून आल्यावर त्यातलं एक पोर पावसाळ्यात तापानं पडलं की पुढच्या वर्षी कुणी तुमचं ऐकणार नाही. पालकांची बैठक लातूरला घ्या, मी येते. नांदेडहून तपासणीचं सामान आणते, त्यांच्यासमोरच मुलींचं रक्त बघू.

मामा : रविवारी ये. शनिवारी त्या मुलीच्या बापाला रात्रपाळी असते, तो यायचा नाही. आणि बैठकीला तो असायलाच पाहिजे.